स्थूलताशस्त्रक्रियेनंतरचे जीवन व आहार

वजन कमी करण्यासाठी जठरावर, किंवा जठर आणि लहान आतडे या दोहोंवर, केलेल्या शस्त्रक्रियेस स्थूलताशस्त्रक्रिया असे म्हणतात. अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या खाण्यापिण्यात, कामकाजात आणि सामाजिक वागण्यात जे कायमचे बदल होतात, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शस्त्रक्रिया स्वतः दोन-तीन तासांत आटोपते. तिच्यामुळे लागू होणारे आहाराचे नियम मात्र जन्मभर पाळावे लागतात. रुग्णालयातील माहितीपत्रकांत हे नियम बहुधा शहरी, ठरावीक वेळी जेवणाऱ्या आणि वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या माणसास समोर ठेवून लिहिलेले आढळतात. पाळीने काम करणाऱ्या, भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या किंवा मोठ्या कुटुंबात स्वयंपाक सांभाळणाऱ्या व्यक्तीस ते कसे लागू पडतात, हे समजावे म्हणून येथे कोल्हापूर जिल्ह्यातील, विशेषतः शिरोली औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील, जीवनाचे संदर्भ घेतले आहेत.

नाव

या शस्त्रक्रियेस मराठीत अद्याप एक नाव स्थिरावलेले नाही. वैद्यकीय व्यवहारात ‘बेरिॲट्रिक सर्जरी’ हे नाव चालते. ते वजन आणि वैद्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. मधुमेहावरही तिचा परिणाम होत असल्याने ‘चयापचय शस्त्रक्रिया’ असाही शब्द योजतात. वृत्तपत्रे ‘लठ्ठपणा कमी करण्याची शस्त्रक्रिया’ म्हणतात, तर बोलण्यात ‘पोट लहान करायचं ऑपरेशन’ असे म्हटले जाते. हे बोलीतले नाव सर्वांत अचूक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पोटावरची चरबी शोषून काढण्याची क्रिया मात्र अगदी वेगळी असून तिचा या विषयाशी संबंध नाही. हा गोंधळ सुशिक्षितांतही आढळतो.

पोटात काय बदलते

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास जठराचा मोठा भाग वळसा घालून टाळणारी शस्त्रक्रिया प्रथम केली. पुढे १९९० च्या दशकात ती दुर्बिणीद्वारे होऊ लागली आणि तिचा प्रसार वाढला. भारतात मुंबई व पुणे ही तिची प्रमुख केंद्रे आहेत. २०११ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेक मराठी घरांत या विषयाची प्रथमच चर्चा झाली असावी.

सध्या तीन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे स्लीव्ह शस्त्रक्रियेत, जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. एरवी भरपेट जेवणानंतर एक ते दीड लिटरपर्यंत ताणले जाणारे जठर आता शंभर ते दीडशे मिलिलिटरवर येते. काढून टाकलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकास सुमारे तीस मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. आतड्यांची जोडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते आणि तिला स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांचे नाव दिलेले आहे. तिसऱ्या प्रकारात लांबट पिशवी करून एकच जोड देतात. तो करावयास सोपा असला, तरी आतड्याचा मोठा भाग टाळला जात असल्याने पोषणाची कमतरता त्यात अधिक संभवते.

जागा कमी झाल्यामुळे माणूस कमी खातो, एवढाच या शस्त्रक्रियेचा परिणाम नसतो. भूक लागल्याची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. तो भाग काढल्यावर त्याचे प्रमाण घटते. उलट, पोट भरल्याचा निरोप देणारी आतड्यातील संप्रेरके वाढतात. म्हणूनच मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा पुष्कळदा वजन फारसे उतरण्यापूर्वीच खाली येते. इन्शुलिन, शर्करा कमी करणाऱ्या गोळ्या व रक्तदाबाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवल्यास शर्करा किंवा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच ही औषधे डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी लागतात.

पहिले दोन महिने

शिवलेले जठर भरून येईपर्यंत अन्न टप्प्याटप्प्याने घट्ट करत नेतात. रुग्णालयागणिक वेळापत्रक थोडे बदलते. साधारणतः पहिले एक-दोन दिवस केवळ पाणी व गाळलेली पातळ पेये, त्यानंतर सुमारे दोन आठवडे ताक, दूध, डाळीचे पाणी, सूप यांसारखे द्रव पदार्थ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न, पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे जेवण असा क्रम असतो. द्रव टप्प्यात प्रथिनांची भुकटी दुधात किंवा पाण्यात कालवून देतात.

कोल्हापूरच्या घरांना हा क्रम वाटतो तितका परका नाही. मटण हळद, आले, लसूण व मीठ घालून शिजवल्यावर जे पाणी निघते, त्यास येथे अळणी म्हणतात. तांबडा आणि पांढरा रस्सा करण्यापूर्वी त्यातली वाटीभर अळणी लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी बाजूला काढण्याची रीत घरोघरी आहे. गाळून, वर आलेली चरबी काढून घेतलेली अळणी द्रव टप्प्यात चालते. मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मटणाचा ‘सगळा कस पाण्यात उतरतो’ ही समजूत खरी नाही. प्रथिने बहुतांशी मांसातच राहतात. अळणीने घसा ओला होतो, मीठ-पाणी मिळते, तोंडाला चव येते. पण प्रथिनांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. तिच्यापासून होणारा पांढरा रस्सा नारळाचे दूध, काजू, तीळ व खसखस यांमुळे स्निग्ध असतो. तांबडा रस्सा तिखट असतो. दोन्ही या काळात वर्ज्य समजावेत.

घोटलेल्या अन्नाच्या टप्प्यात मुगाची घट्ट डाळ, मऊ उकडलेले अंडे कुस्करून, दही, नाचणीची पातळ आंबील हे पदार्थ चालतात. बिघाड सहसा पुढच्या टप्प्यात होतो. रुग्णास बरे वाटू लागलेले असते, घरी रविवारचे मटण शिजते आणि ‘एका फोडीनं काय होतंय’ असे म्हणून ती फोड घेतली जाते. नीट न चावलेला मांसाचा तुकडा अरुंद नळीत किंवा जोडाच्या तोंडाशी अडकल्यास छातीत दाटून येते, तोंडाला पाणी सुटत राहते आणि शेवटी उलटी होते. वारंवार उलट्या होणे हे या काळातील सर्वांत गंभीरपणे घ्यावयाचे लक्षण आहे. त्याचे कारण पुढे दिले आहे.

ताटाची उलटी मांडणी

महाराष्ट्रीय ताटात भाकरी, चपाती किंवा भात हा मुख्य पदार्थ असतो, तर डाळ, उसळ, मांस ही तोंडी लावणी. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने मिळणे आवश्यक मानले जाते. एका वेळी वाटीभरच अन्न मावत असल्याने आधी भाकरी खाल्ली, तर प्रथिनांस जागा उरत नाही. प्रथिने कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवते. वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही. काटा उतरताना पाहून सर्वांना आनंदच होतो. परंतु ओझे उचलण्याचे काम करणाऱ्या माणसास तो दंडात आणि मांड्यांत जाणवतो.

साठ ग्रॅमचा हिशेब पाहावा. दोन अंड्यांत सुमारे बारा ग्रॅम, पन्नास ग्रॅम शिजलेल्या कोंबडीच्या मांसात सुमारे तेरा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, दोनशे मिलिलिटर दुधात सात, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात आणि वीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. हे सर्व मिळूनही बेरीज साठच्या आतच राहते, आणि एवढे पदार्थ पाच-सहा छोट्या खाण्यांत विभागून घ्यावे लागतात. यावरून हे काम किती चिकाटीचे आहे हे ध्यानात येईल.

हातकणंगले व शिरोळ तालुक्यांत जैन समाजाची वस्ती मोठी आहे. अंडी व मांस वर्ज्य, आणि चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तानंतर अन्नपाणीही वर्ज्य. अशा व्यक्तीस दिवसभरातील पाच-सहा खाणी आणि दीड लिटर पाणी हिवाळ्यातील जेमतेम अकरा तासांच्या उजेडात बसवावे लागते. ते अशक्य नाही; परंतु पहाटेपासून वेळापत्रक आखावे लागते आणि दूध, पनीर, ताक, मूग, सोयाबीन यांच्या जोडीस प्रथिनांची भुकटी बहुधा घ्यावीच लागते. निर्जळी उपवास, एकादशीस केवळ साबुदाण्याच्या खिचडीवर राहणे, रमजानचे रोजे या सर्वांबाबत पहिल्या वर्षात तरी डॉक्टरांशी आधी बोलणे इष्ट. धर्माचरण सोडावे लागेल या भीतीने अनेक रुग्ण हा विषय काढतच नाहीत. तो काढल्यास बहुतेक वेळा मार्ग निघतो.

चपातीबद्दल एक विलक्षण गोष्ट रुग्णांकडून नेहमी ऐकू येते : मऊ, ताजी चपाती अडकते आणि कडक भाजलेली भाकरी किंवा खाकरा उतरतो. ओलसर कणकेचा चावून गोळा बनतो, कोरड्या पदार्थाचा चुरा होतो, हे त्याचे कारण. मिसळीसोबतच्या पावाचेही तसेच. भात पोटात फुगल्यासारखा वाटतो. मटणाच्या फोडींपेक्षा खिमा पचावयास सोपा. जुन्या लोकांची भाकरी आमटीत कुस्करून खाण्याची पद्धत येथे उपयोगी पडेलसे वाटते. पण पातळ कालवलेले अन्न झरझर उतरते आणि नकळत अधिक खाल्ले जाते. कोरडे खाऊन, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून, वीस ते तीस मिनिटांत जेवण संपवावे, असे सांगितले जाते.

पाणी, पाळी आणि भट्टी

पुलाची शिरोली हे पंचगंगेच्या पुलानजीकचे, पुणे-बंगळूर महामार्गावरील, हातकणंगले तालुक्यातील गाव. तेथील औद्योगिक वसाहत ओतकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. वाळूचे साचे, वितळलेल्या लोखंडाची भट्टी आणि ओतीव वस्तू घासून साफ करण्याचे खाते या तिन्ही ठिकाणी उष्णता, धूळ व श्रम असतात. ओतावयाच्या लोखंडाचे तापमान तेराशे-चौदाशे अंश सेल्सियसच्या घरात असते. अशा ठिकाणी कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभरही घाम जाऊ शकतो. एरवी तो पाण्याचा अख्खा तांब्या एका दमात रिकामा करतो. शस्त्रक्रियेनंतर असे घटाघटा पिणे शक्यच राहत नाही.

पाण्याचे नियम दोन. पाणी घोटघोट प्यावे. आणि जेवताना, तसेच जेवणापूर्वी व नंतर सुमारे अर्धा तास पिऊ नये. जेवताना पाणी प्यायल्यास अन्नाची जागा पाणी घेते, किंवा अन्न लवकर पुढे ढकलले जाऊन पुन्हा भूक लागते. ताटाशेजारी तांब्या-भांडे ठेवल्याशिवाय ज्यांचे पान वाढले जात नाही, त्यांना हा नियम सर्वांत जड जातो.

आठ तासांच्या पाळीत याचा हिशेब असा होतो. अर्धा तास जेवणाचा, त्याच्या आधीचा व नंतरचा अर्धा-अर्धा तास बिनपाण्याचा. उरले साडेसहा तास. या वेळात दर पंधरा मिनिटांनी साठ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या छोट्या पेल्याइतके, पाणी घेतले तर सव्वीस वेळा मिळून सुमारे दीड लिटर होते. सामान्य माणसास दिवसाकाठी एवढे पुरते. भट्टीवरच्या माणसास ते पाळीतल्या घामालाही पुरणार नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने तरी भट्टीपासून दूरचे काम मिळावे, अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून घेऊन ती व्यवस्थापनास देणे शहाणपणाचे ठरते. जड ओझे उचलणे तर पहिले चार ते सहा आठवडे टाळावयाचेच असते. लघवी गडद पिवळी होणे, उठताना चक्कर येणे, जीभ कोरडी पडणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे होत. लिंबू, मीठ व अगदी थोडी साखर घातलेले पाणी किंवा पातळ ताक बाटलीत भरून खिशाशी ठेवणे हा सोपा उपाय आहे. सोडावॉटर आणि बाटलीबंद शीतपेये वायू व साखरेमुळे टाळतात.

जेवणाच्या सुट्टीचाही प्रश्न आहे. कारखाने अधिनियम, १९४८ ने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. हात धुणे, उपाहारगृहापर्यंत जाणे, रांग लावणे आणि परतणे यांत त्यातली दहा-बारा मिनिटे जातात. इतरांस उरलेल्या वेळात जेवण उरकता येते. या रुग्णास तेवढ्या वेळात अर्धी वाटी खाणेही घाईचे होते आणि घाईचा परिणाम उलटीत होतो. दोन वेळच्या डब्याऐवजी तीन-चार छोट्या डब्या नेणे, आणि चहाच्या सुट्टीत चहाऐवजी त्यांतली एक संपवणे, ही युक्ती अधिक व्यवहार्य दिसते. रात्रपाळीत जेवणाच्या वेळा उलट्या होतात, झोप मोडते आणि जागे राहण्यासाठी गोड चहा-बिस्किटांचा आधार घेतला जातो. चहातील टॅनिन लोहाच्या शोषणास आड येते, हा आणखी एक तोटा.

पंगत आणि आग्रह

कोल्हापुरात ‘जेवलासा काय?’ हा कुशल विचारण्याचा प्रकार आहे. पाहुण्याने दोनदा नको म्हणावे आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढावे, हा शिष्टाचार दोघांनाही ठाऊक असतो. त्यात पानात टाकू नये हा संस्कार. अर्धी वाटी खाऊन थांबणारा माणूस या व्यवस्थेत यजमानाचा अपमान करणारा तरी ठरतो किंवा आजारी तरी. शहराच्या तालमींनी घडवलेली बलदंड देहाची आणि भरघोस खुराकाची कल्पना येथे अजून जिवंत आहे. दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याने पिणे हा अभिमानाचा विषय आहे. अशा गावात वजन झपाट्याने उतरलेल्या माणसास ‘बारीक झालास, छान’ असे कोणी म्हणत नाही. ‘किती वाळलास रे, काय दुखणं लागलं?’ असेच विचारतात. क्षय, मधुमेह, व्यसन असे तर्क होतात. लग्न ठरावयाच्या मुलामुलींच्या घरी हे तर्क विशेष जाचक ठरतात.

याच भीतीपोटी पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेची गोष्ट घराबाहेर, कधी कधी सासरीही, सांगत नाहीत. न सांगण्याचा हक्क त्यांना आहेच. मात्र लपवल्याची किंमतही असते. कारण ठाऊक नसलेला माणूस आग्रह करणारच, आणि प्रत्येक पंगतीत नवे निमित्त शोधावे लागते. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस तरी सर्व नियम माहीत असणे अपरिहार्य आहे. ती व्यक्ती रुग्ण स्वतःच असेल, आणि बहुधा ती घरची सून किंवा आई असते, तर अडचण दुहेरी होते. सर्वांसाठी रांधून, सर्वांना वाढून, शेवटी उरलेसुरले खाण्याच्या प्रथेत तिची पाच-सहा वेळची छोटी खाणी बसत नाहीत. कुटुंबाच्या जेवणाआधी तिने स्वतःची वाटी बसून खाणे, हे तिला उद्धटपणाचे वाटू नये, एवढी समज घरातल्यांनी दाखविणे आवश्यक आहे.

कित्येकांना खाण्यातला विरंगुळा गेल्याची हुरहूर लागते. पूर्वी दुःखात किंवा कंटाळ्यात खाणे हा ज्यांचा आधार होता, त्यांना तो आधार एकाएकी गेल्यासारखा वाटतो. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा असे सांगतात ते यासाठी.

गुळाचा खडा आणि डंपिंग

जठराला वळसा घालणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, आतड्यात पाणी खेचले जाते आणि दहा मिनिटे ते तासाभरात पोटात कळ, जुलाब, धडधड, घाम व गळून गेल्यासारखे होणे ही लक्षणे दिसतात. यास डंपिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात एक ते तीन तासांनी रक्तशर्करा अचानक उतरून हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. यंत्रावर किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यास हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. गुऱ्हाळघरांच्या या जिल्ह्यात ‘गूळ साखरेसारखा नसतो’ ही समजूत दृढ आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी डंपिंगच्या बाबतीत गूळ, काकवी, उसाचा रस आणि साखर ही सारी सारखीच.

गोळ्या : विसरल्यास काय होते

ड्यूओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग, लोह व कॅल्शियम यांच्या शोषणाचे मुख्य स्थान आहे. जीवनसत्त्व बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातून स्रवणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाची गरज असते. जठर घटले किंवा ड्यूओडेनम टाळले गेले की आहार उत्तम असूनही हे घटक कमी पडतात. त्यामुळे संयुक्त जीवनसत्त्वे, बी-१२, लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्व डी ही पूरके आयुष्यभर घ्यावी लागतात. कॅल्शियम दिवसाला बाराशे ते पंधराशे मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत. आम्ल कमी असल्याने कार्बोनेटऐवजी सायट्रेट स्वरूपात घेणे बरे. लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर.

सर्व कमतरता एकाच वेळी उघड होत नाहीत, आणि खरी फसगत येथेच होते. बी-१२ चा यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. रुग्ण वर्षभर गोळ्या घेतो, मग सोडतो, काहीच होत नाही. दोन-तीन वर्षांनी हातापायांना मुंग्या येऊ लागतात, तेव्हा त्याचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी कोणी लावत नाही. आपल्याकडे हा साठा मुळातच तोकडा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. त्या पुरुषांवर कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती.

थायमिनचे, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ चे, अगदी उलट. त्याचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील, तर महिन्या-दोन महिन्यांत मेंदूस इजा होऊ शकते. नजर डळमळणे, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. वेळीच शिरेतून थायमिन दिल्यास रुग्ण सुधारतो, उशीर झाल्यास स्मृती कायमची अधू होते. उलट्यांनी गळालेल्या माणसास गावातल्या दवाखान्यात प्रथम ग्लुकोजची सलाइन लावली जाते. थायमिन न देता केवळ ग्लुकोज दिल्यास ही इजा बळावू शकते. म्हणून रुग्णाने किंवा सोबत्याने ‘पोट लहान करायचं ऑपरेशन झालंय, आधी बी-वन द्या’ हे वाक्य पाठ ठेवणे आणि शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख लिहिलेला कागद पाकिटात बाळगणे मोलाचे आहे. शस्त्रक्रिया मुंबईस झालेली असेल, तर तेथील डॉक्टर शिरोलीपासून पावणेचारशे किलोमीटरवर असतात. पुण्यास झाली असली तरी सुमारे दोनशे तीस. रात्री-अपरात्री गाठ पडणार ती जवळच्या डॉक्टरांशीच.

पंचगंगेच्या पुराने २०१९ व २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला होता. पावसाळ्यापूर्वी महिन्याभराच्या जादा गोळ्या आणि प्रथिनांची भुकटी घरात असावी, ही सूचना कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. येथील माणसास ती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

रक्ततपासणी पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा करतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असल्याने सुमारे सहा महिने त्यावरील प्रतिबंधक औषध देण्याची पद्धत आहे.

मद्य, तंबाखू व वेदनाशामके

शस्त्रक्रियेनंतर मद्य लवकर आणि अधिक प्रमाणात रक्तात भिनते. पूर्वी ज्या मात्रेने काही होत नसे, तिने माणूस झिंगतो. वळसा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांत मद्यासक्ती जडण्याचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. तंबाखूमुळे जोडावर व्रण होतात. यात विडी-सिगारेटबरोबर मळलेली तंबाखू आणि स्त्रिया दातांना लावतात ती मिश्रीही आली. मिश्री हे व्यसन मानलेच जात नसल्याने डॉक्टरांनी विचारूनही ती सांगितली जात नाही. अंगदुखीवर औषधांच्या दुकानातून सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्याही व्रणाचे कारण ठरतात.

गर्भधारणा

वजन उतरू लागताच अनियमित पाळी सुधारते आणि पूर्वी न राहिलेला गर्भ राहू शकतो. परंतु पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत, शरीर झिजत असताना, गर्भधारणा टाळावी असा सल्ला देतात. तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्या वळसा शस्त्रक्रियेनंतर भरवशाच्या राहत नाहीत. मूल होत नाही म्हणूनच शस्त्रक्रियेस तयार झालेल्या स्त्रीस आणि तिच्या सासरच्यांस ही मुदत आधीच सांगितलेली बरी.

वजन परत येणे

१९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे सरासरी वजन दोन वर्षांनी २३ टक्क्यांनी, दहा वर्षांनी १७ टक्क्यांनी आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी घटलेले होते. म्हणजे उतरलेल्या वजनातले काही परत येते, बरेचसे येत नाही. परत येणाऱ्या वजनामागे जठर ताणले जाण्यापेक्षा सहज उतरणारे पदार्थ बहुधा अधिक कारणीभूत असतात. फरसाण, चिरमुरे, बिस्किटे, आइस्क्रीम यांना नवे जठर अडवत नाही. मटणाची फोड अडते आणि शेवेचा चिवडा जातो. म्हणून रुग्ण हळूहळू चिवड्याकडे वळतो. वजन पुन्हा वाढू लागल्यावर अपराधी वाटून तपासणीस जाणे टाळले जाते, आणि त्यासोबत रक्ततपासणीही सुटते. वजन वाढणे हे पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे.

खर्च व विमा

खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेस काही लाख रुपये लागतात. २०१९ मध्ये भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार, रुग्णाचे वय किमान अठरा असणे आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक, चाळीस किंवा त्याहून अधिक असणे, अथवा पस्तीस असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्रा-श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार असणे, अशा अटींवर विमा लागू होतो. वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणली असून आशियाई लोकांसाठी ती २७.५ पासून विचारात घेण्याजोगी मानली आहे. विम्याची अट आणि वैद्यकीय शिफारस यांत त्यामुळे मोठे अंतर पडले आहे. प्रथिनांची भुकटी, दरमहाच्या गोळ्या आणि वार्षिक रक्ततपासण्या यांचा खर्च विम्यातून सहसा मिळत नाही; आणि घरखर्चाची ओढाताण झाली की ‘आता बरं आहे’ म्हणून प्रथम बंद होतात त्या या गोळ्याच.